फक्त रूळ पाठवा

आमच्या गावात तेव्हा दोन वेळा चालत. एक सूर्याची, ती सगळ्या दुनियेची. दुसरी टेसनबुढ्याच्या खिशातल्या घड्याळाची, तिला 'रेल्वे टाइम' म्हणत. बुढा अधूनमधून घाट उतरून खामगावला जाई, तिथल्या स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवी आणि परत येई. घड्याळ रोज थोडं थोडं मागं पडायचं. तो नुकताच जाऊन आलेला असला की दोन्ही वेळा शेजारी शेजारी असत. बरेच दिवस झाले असले की भर दुपारी त्याच्या खिशात सकाळ असे. कोणी हसलं तर म्हणे, "सूर्य कोनत्या लाइनीवर चालते? त्याले टायमाचं बंधन हाय का काही?"

यावर काय बोलावं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी बी.ए. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं, हे मी लपवत नाही आणि सांगायला लाजतही नाही. नागपूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं, मार्कही चांगले पडले होते. पण या माणसाला कोणत्या खान्यात टाकावं ते त्या पुस्तकात नव्हतं. येडा म्हणावं, तर व्यवहारात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. शहाणा म्हणावं, तर रूळ नसलेल्या गावात तो स्टेशनमास्तर होता.

गाव आमचं मेहकर आणि घाट यांच्या मधलं. तो तिथला पाटील, काळ्याभोर जमिनीचा मालक. तोंडावर सगळे 'पाटील' म्हणत, पाठ फिरली की 'टेसनबुढा'. मी लहान असताना सरकारची माणसं साखळ्या आणि झेंड्या घेऊन आली होती. खामगावपासून वर घाटावर रेल्वे न्यायची म्हणून त्यांनी शेताशेतातून दगड रोवले, या दगडांच्या मधात पेरू नका, विहीर खोदू नका, बांधू नका असं बजावलं आणि निघून गेली. पुन्हा कोणी आलं नाही. बाकीच्यांनी एक हंगाम वाट पाहिली, मग दगड उपटून कोणी धुणं धुवायला नेले, कोणी गोठ्याच्या पायरीला लावले. पाटलाच्या सगळ्यात कसदार वावरातून मात्र ती दगडांची पट्टी तशीच राहिली. तिच्यात तो पेरत नव्हता, आणि कोणाला पायही ठेवू देत नव्हता. पाटलीणबाई दर मिरगाला म्हणायच्या, "दोन ओळी तुरीच्या टाकू द्या मले त्याच्यात, तुमची रेल काही आज सांजंलोक येत नाही." तो म्हणे, "तुरी कापाच्या आधी आली तं?"

तो नुसता वाट पाहत बसला असता तर गोष्ट वेगळी. त्यानं पट्टीच्या कडेला दगडमातीचा लांबलचक चौथरा घातला, वर टिनाचं छप्पर टाकलं, बाक मांडला, आणि निंबाच्या फांदीला रुळाचा एक हातभर तुकडा टांगला. खामगावहून कोणाकडून तरी मागून आणलेला. आमच्या गावात आलेला रूळ तेवढाच. त्यावर लोखंडी खिळ्यानं ठोका दिला की आवाज पार गावठाणाच्या पलीकडं जायचा. तो ठोका म्हणजे गाडी सुटायची वर्दी.

आणि गाडी खरंच सुटायची! कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची. हंगामात सुलतानपूरकडून, मेहकरकडून, आजूबाजूच्या खेड्यांतून भरलेल्या बंड्या खामगावच्या बाजाराला निघत. घाटात एकट्यानं जायला माणूस भीत असे, म्हणून बंड्या पहिल्यापासूनच रांगेनं जात. पाटलानं त्या रांगेची आगगाडी केली. सगळ्यांनी त्याच्या चौथऱ्याशी जमायचं. बैलांना कडबा-पाणी त्याच्याकडून. मधल्या बंड्या म्हणजे डबे. कोणाच्या चाकाची लोखंडी धाव निसटली तर "डबा रुळावरून उतरला" म्हणायचं. शेवटच्या बंडीत रहीमचाचा हा गार्ड, हातात लाल फडकं आणि पाटलीणबाईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा. गार्डानं मागं तोंड करून बसायचं हा पाटलाचा नियम होता. बंडी हाकायला चाचाचा भाचा असायचा. आणि सगळ्यात पुढची बंडी, म्हणजे इंजिन, माझ्या बापाची.

पाटील म्हणे, "इंजिननं शिट्टी माराले पायजे." माझा बाप गरीब होता पण मानी. म्हणाला, "पाटील, मी माणूस हाय, शिट्टी मारनार नाही." दोन दिवस बोलणं बंद होतं. मग पाटलानं स्वतःहून बैलांसाठी पितळी घुंगुरमाळा आणून दिल्या आणि शिट्टीचा विषय मिटला.

तिकीट म्हणजे बंडीमागं मूठभर कापूस. तो विकत नसे, घरीही नेत नसे. चौथऱ्यावरच्या गादीत भरायचा. हंगामागून हंगाम ती गादी अशी फुगत गेली, की तिच्यावर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नसत. मोठमोठी माणसं तिथं पाय लोंबकळत ठेवून बसलेली मी पाहिली आहेत. यात त्याला काय मिळत होतं? गावात तीन मतं होती. कोणी म्हणे, बुढा सरकारची थट्टा करून राह्यला. कोणी म्हणे, रेल आली की हाच जागेची किंमत वसूल करीन. तिसरं मत पाटलीणबाईचं: "हट्ट हाय. लग्नात आमच्या लोकाईनं मोटेच्या बैलाचा शब्द देल्ला होता, बैल आला नाही, तं दहा वर्सं थो दावनीत एक खुटा रिकामा ठेवे."

मी बी.ए. होऊन आलो तेव्हा स्टेशनात तक्क्याला टेकून बसलेल्या पाटलाला नमस्कार केला. वाटलं, आता तरी 'अहोजाहो' म्हणेल. त्यानं मला खालीवर पाहिलं.

"इंजिनचा पोट्टा नाही का तू?"

"हो. बी.ए. झालो."

"म्हंजे इंग्रजी लिवता येते?"

"येते ना."

"बस मंग. लिव. सरकारले लिव का, आमचं टेसन तयार हाय. चौथरा हाय, टीन हाय, बाक हाय, घंटी हाय, मास्तर हाय, गार्ड हाय. फक्त रूळ पाठवा."

मला हसू आलं. तो हसत नव्हता. मी लिहिलं, आणि इंग्रजीत ते वाक्य इतकं सरळ, इतकं बिनतोड झालं की मीच दोनदा वाचलं. मग दर साली दसऱ्याच्या पुढंमागं मला बोलावणं येई आणि तोच अर्ज त्याच शब्दांत जाई. उत्तर कधी आलं नाही. "येईन," तो म्हणे, "लाइन क्लिअर नसन."

एक गोष्ट मला सगळ्यात चमत्कारिक वाटायची. हा माणूस जन्मात रेल्वेत बसला नव्हता. खामगावच्या फलाटावर उभा राहून गाड्या पाही, घड्याळ जुळवी आणि बंड्यांबरोबर परत येई. मी एकदा म्हटलं, "पाटील, चला, मी तुम्हाला नागपूर दाखवून आणतो. तिकिटाचं मी पाहतो." तो रागावलाच. "दुसऱ्याच्या टेसनातून काऊन बसू बे? आपलं टेसन असून?"

मग मोटर आली.

मेहकरच्या एका माणसानं लॉरी घेतली आणि कापूस थेट खामगावला पोचवायला सुरुवात केली. सकाळी भरला की दुपारी सरकी काढायच्या जिनात. दोन-चार मोठे कास्तकार तिकडं वळले. ज्या जागी आमच्या बंड्या चौथऱ्यापासून सडकेवर चढत, तिथंच मोटरीची आणि पाटलाची गाठ पडली. मोटरवाला कर्णा वाजवून बंड्यांच्या मधात घुसायचा, बैल बुजायचे. पाटलानं काय करावं? सडकेवर दोन्ही अंगांनी आडवे बांबू लावले, लाल-पांढरे पट्टे मारले, आणि गाडी सुटायच्या वेळी फाटक बंद करायला लागला. सरकारी सडकेवर!

मोटरवाला खाली उतरून ओरडे, "ओ पाटील! लेट हाय का आज तुमची मेल?"

"लेट असन, पन तुया मोटरीवानी घाटात बंद पडून धक्का मांगत नाही."

"फाटक उघडा, मले टाइम नाही."

"थो तं दिसतेच हाय. टाइम मायापाशी हाय." असं म्हणून बुढा घड्याळ काढून दाखवी.

सगळ्या बंड्या सडकेवर येईपर्यंत मोटर उभी. आणि मग घाटापर्यंत रहीमचाचाच्या लाल फडक्याच्या मागं, बैलाच्या चालीनं. मोटरवाल्यानं वरपर्यंत तक्रार केली, की अमुक गावचा पाटील खोटं स्टेशन चालवतो, खोटा मास्तर बनतो आणि सरकारी रस्ता अडवतो. चौकशीला खुद्द इंग्रज साहेब येणार अशी वर्दी आली.

माझ्या बापाचं जेवणावरून मन उडालं. आमची कोरडवाहू जमीन ती केवढी, हंगामभर घर चालायचं ते बंडीवर. स्टेशन मोडलं की रांग मोडणार, रांग मोडली की घाटात एकटा कोण जातो, सगळा कापूस मोटरीवर जाणार. पण मला वाटतं, त्याहूनही त्याला एक गोष्ट लागली होती. चार गावांत त्याला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. "इंजिन आलं, इंजिनले चा द्या." ते गेलं असतं तर तो पुन्हा नुसता एक बंडीवाला झाला असता. मला म्हणाला, "तू साहेबाशी इंग्रजीत बोलजो. असं बोल, का टेसन राह्यलं पायजे."

साहेब मोटरीनंच आला. बरोबर तहसीलदार, मागं पट्टेवाले, आणि लॉरी घेऊन मोटरवाला. चौथऱ्याशी बंड्या भरून उभ्या होत्या; पाटलानं साहेबासाठी गाडी एक मिनिट थांबवायचं नाकारलं होतं. साहेबाला गादीवर बसवलं. त्याचेही पाय लोंबकळले. त्यानं खाली पाहिलं, मग रुळाच्या तुकड्याकडं पाहिलं, मग मोकळ्या पट्टीकडं.

"रस्ता का अडवता, विचार," तो मला इंग्रजीत म्हणाला.

मी विचारलं. पाटील उभाच होता. "गाडी जाते म्हनून."

"कोणती गाडी?"

"सध्या बंड्याईची. पुढं यायची थे येईन."

साहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "या माणसाला विचार, इथं रेल्वे येईल असं त्याला खरोखर वाटतं का?"

आता सांगतो, हा प्रश्न मला लहानपणापासून विचारायचा होता आणि माझी छाती झाली नव्हती. मी मराठीत नीट, एकेक शब्द सुटा करून विचारला. बाप इंजिनावर कासरा धरून माझ्याकडं पाहत होता.

"सांग त्याले, येईन," पाटील म्हणाला.

मी साहेबाकडं वळलो नाही. हळूच म्हटलं, "पाटील, तुम्हाला खरंच तसं वाटते?"

बुढ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा इंजिनचा पोट्टा झालो. "तुले इंग्रजी बोलाले बोलावलं हाय," तो म्हणाला, "मराठी बोलाले नाही."

मी साहेबाला सांगितलं, तो म्हणतो येईल. साहेब म्हणाला, "आणि तू? तू शिकलेला आहेस. तुझं काय मत?"

बापानं सांगितलेलं मला आठवत होतं. तर्कशास्त्रही आठवत होतं. पट्टी समोर होती, वर्षानुवर्षं न पेरलेली, दोन्ही कडांनी दगड पांढरे रंगवलेले. मी इंग्रजीत म्हटलं, "मला माहीत नाही, साहेब."

तेवढ्यात पाटलानं खिळा उचलून रुळावर ठोका दिला. वेळ झाली होती, म्हणजे पाटलाच्या खिशातली. पाटील कोणाची परवानगी न घेता चौथऱ्यावरून उतरला आणि त्यानं सडकेवरचे दोन्ही बांबू खाली पाडले. साहेब तोवर आपल्या मोटरीकडं निघाला होता. तहसीलदार "उघडा, उघडा!" म्हणून धावला. आणि साहेबानं, कोणी काही न सांगता, फाटक पडलेलं पाहिलं, लाल फडकं पाहिलं, आणि तो थांबला. खिशातून घड्याळ काढून पाहू लागला. त्याच्या ड्रायव्हरनं मोटर बंद केली. मग तहसीलदारही उभा राहिला. मोटरवाला आधीच उभा होता. घुंगुरमाळा वाजवत माझा बाप समोरून गेला. ताठ, साहेबाकडं न पाहता. मागं डबे. शेवटी रहीमचाचा, तोंड आमच्याकडं करून हिरवा तुकडा हलवत. बांबू वर गेले. साहेब मोटरीत बसला.

हुकूम निघाला तो असा: सरकारी सडकेवरचं फाटक काढावं. बाकी त्या माणसानं आपल्या शेतात काय करायचं ते करावं.

मोटरवाल्यानं मेहकरात पेढे वाटले. फाटक नाही म्हणजे मोटर बंड्यांच्या मधात घुसणार, बैल बुजणार, रांग तुटणार, हे उघड होतं. बाप घरी आला तो दारातच म्हणाला, "साहेबानं तुले काय इचारलं?"

"रेल्वे येईल का म्हणून."

"मंग?"

"माहीत नाही म्हटलं."

"एवढंच सांगाले तुले नागपूरले धाडलं व्हतं?"

पुढच्या खेपेला बंड्या जमल्या. पाटलानं सडकेवरचे बांबू स्वतः उपटले, खांद्यावर टाकले आणि आपल्या वावरात आणले. पट्टीच्या तोंडाशी रोवले. मग ज्या पट्टीत त्यानं बायकोला तुरीचा दाणा टाकू दिला नव्हता, शेळी गेली तर राखणदाराला शिव्या दिल्या होत्या, तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "इंजिन! इकून घे."

माझा बाप खाली उतरला. "पाटील, याच्यातून?"

"हाव."

"याच्यात तं तुमी..."

"इंजिननं बोलू नाही. सिग्नल देल्ला हाय."

बापानं बैलांना थोपटलं आणि बंडी दगडांच्या मधात घातली. मागून सगळ्या बंड्या. पट्टी घाटाच्याच दिशेनं जात होती. वावर संपल्यावर बंड्या पुढं सडकेला लागल्या त्या सलग, एका रांगेत, मोटरीला मधात शिरायला जागाच न ठेवता. त्या हंगामात आणि नंतरच्या कितीतरी हंगामांत रांग तुटली नाही. मोठे कास्तकार मोटरीनं गेले, पण लहान माणसांचा कापूस तिथूनच जात राहिला, आणि बाप डोळ्यांनी अधू होईपर्यंत इंजिन राहिला.

दसऱ्याच्या सुमाराला मी नेहमीप्रमाणे कागद-दौत घेऊन स्टेशनावर गेलो. अर्ज लिहायचा होता. पाटील तक्क्याला टेकून बसला होता.

"कायले आला?"

"अर्ज. रूळ पाठवा म्हणून."

त्यानं पट्टीकडं बोट केलं. ओल्या काळ्या मातीत चाकांच्या दोन चाकोऱ्या पडल्या होत्या. लोखंडी धावांनी घोटून घोटून चकचकीत झालेल्या, दगडांच्या बरोबर मधून, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, पार घाटाकडं निघून गेलेल्या.

"आता कायचा अर्ज?" तो म्हणाला. त्यानंतर त्यानं मला कधी लिहायला बोलावलं नाही.

मी कागद घेऊन परत आलो. आजही ठरवता येत नाही, तो समाधानानं बोलला की हरून. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यानं घड्याळाला चावी दिली आणि "जाय, गाडीची येळ झाली" म्हणाला. गाडी तर सकाळीच गेली होती.

तो वारल्यावर बऱ्याच वर्षांनी, मी मेहकरच्या शाळेत मास्तर असताना, सुट्टीत गावी आलो होतो. ओसरीवर बाप आणि रहीमचाचा, दोघे म्हातारे, चिलीम ओढत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एवढी वर्षं त्याच्या पुढं चाललात. खरं सांगा, त्याला वाटत होतं का, रेल्वे येईल म्हणून?"

"मले काय इचारतं? इंजिनले समोरचं दिसते. मांगं शाहना बसला का येडा, थे गार्डले इचार."

रहीमचाचानं चिलमीतली राख टोकरली. "मैं तो उल्टा बैठता था ना, बेटा. मेरेकू जो पीछे छुट गया, वोइच दिखता था."

"मग काय दिसायचं?"

"बुढा दिखता था. गाडी मोड़ पे जाने तक खडा रहता. उसकू लगता, अब कोई नई देख रहा. फिर चौतरे से उतरता, चाकोरी में बैठता, अन् जमीन को कान लगाता."

"रोज?"

"हर गाडी को."

"काय ऐकत होता?"

"वो अब गार्ड कू थोडी सुनाई देता, बेटा!" दोघेही खोकून खोकून हसले.

मी तसाच उठून वावराकडं गेलो. वारसांनी पट्टीत तुरी पेरल्या होत्या. चौथऱ्याजवळ मात्र वखर फिरायला जागा नव्हती, तिथं चाकोऱ्यांचा वावभर तुकडा राहिला होता, घट्ट, गवत न उगवलेला. मी इकडंतिकडं पाहिलं. कोट काढून घडी केली, टोपी त्यावर ठेवली, आणि गुडघे टेकून वाकलो.

तुरीत निंदण करणारी एक बाई कधी उठून उभी राहिली ते मला समजलं नाही.

"काय हरपलं, गुरुजी?"

माती गरम होती. कानाला लागली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं.